एका दिवसाचं जंगल

पुण्या-मुंबईचे पाहुणे कराडात मुक्कामाला आले की रात्रीच्या जेवणावर एक प्रश्न हमखास निघतो : ‘तुमच्याकडचं ते दाट जंगल एका दिवसात होईल का हो?’ होतं की. पहाटे निघावं, कोयनेच्या नाहीतर चांदोलीच्या रानात पाच-सहा तास काढावेत आणि रात्री पिठलं-भाकरीला घरी यावं. गाडी बिनबोभाट जाऊन येते. जंगल दिसतंच असं मात्र नाही.

मी या रानात घरच्यांना घेऊन गेलो आहे, पाहुण्यांना घेऊन गेलो आहे, पुण्याच्या भरगच्च बसमधून गेलो आहे आणि एखाद्या गाववाल्याच्या मागे एकटाही हिंडलो आहे. त्यातून एवढं कळलं, की एका दिवसात किती रान दिसणार हे ठिकाणावर कमी आणि पुढे कोण चालतंय यावर जास्त ठरतं. बाकीच्या गोष्टी त्या माणसाला त्याचं काम नीट करू देण्यासाठी. त्यांचीच ही यादी.

१. एका दिवसाला एकच दार निवडा

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा आणि भोवतीचा पट्टा धरून साडेअकराशे चौरस किलोमीटरच्या वरचं हे रान सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलं आहे. कराडहून त्याला तीन दारं. पहिलं पाटण-हेळवाकवरून कोयनानगर आणि नवजाचं. दुसरं साताऱ्याहून यवतेश्वर, कास करत बामणोलीला जायचं आणि शिवसागर जलाशय बोटीने ओलांडून वासोट्याच्या पायथ्याशी उतरायचं. तिसरं उंडाळे, शेडगेवाडी, आरळा या वाटेने वारणेच्या धरणाशी, म्हणजे मणदूरकडून चांदोलीत.

ज्यांना चालायची सवय आहे त्यांनी वासोटा धरावा. घरात म्हातारी माणसं आणि पोरं असतील तर चांदोली बरं, तिथे बराच रस्ता गाडीने होतो. फक्त पावसातला घाट आणि ओझर्डे धबधबा बघायचा असेल तर नवजा. ‘वासोटा करू आणि येता येता कास, ठोसेघरही उरकू’ असा बेत कुणी मांडला की मी सरळ सांगतो, मग वासोटा सोडा आणि बाकीचं दोन्ही नीट बघा.

२. पावसाचं जंगल पावसात बघता येत नाही

हे ऐकून पाहुणे चकित होतात. या जंगलाला जन्माला घालतो तो पाऊसच. कराडात वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर पडला तरी आम्ही पाऊस चांगला झाला म्हणतो. पण इथून दोन-अडीच तासांवरच्या पाथरपुंजला २०१९ च्या पावसाळ्यात सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस मोजला गेला आणि चेरापुंजीला मागे टाकल्याच्या बातम्या झळकल्या. एकाच जिल्ह्यात इकडे ऊस पाटाच्या पाण्यावर आणि तिकडे झाडाच्या फांदीवर शेवाळ.

पण हा सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि पुढचे सात-आठ महिने क्वचितच थेंब. त्यात खाली जांभा आणि काळा कातळ, वर मातीचा पातळ थर, आणि घाटमाथ्यावर कोकणातून चढून येणारा वारा. त्यामुळे केरळात किंवा दक्षिण कर्नाटकात दिसतात तसे मान मोडेपर्यंत वर बघायला लावणारे वृक्ष इथे फारसे नाहीत. इथलं सदाहरित रान बुटकं, गच्च, एकमेकांत गुंतलेलं आणि दऱ्याखोऱ्यांच्या आडोशाला टिकून राहिलेलं. उघड्यावर सडा, म्हणजे कातळाचं पठार, लागतो आणि सड्यावर नुसतं गवत.

पावसाळ्यात गाभ्यातली पर्यटनाची दारं बंद असतात आणि ती साधारण ऑक्टोबरात उघडतात. तारखा नि नियम वर्षागणिक थोडे बदलतात, आठवड्याची सुटीही असते. म्हणून निघण्याआधी वनखात्याकडे फोन करून विचारावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओढे वाहते असतात आणि जळवाही असतात. डिसेंबर-जानेवारीत चालायला सुख. मार्चनंतर ऊन तापतं, पण अंजनीला निळी-जांभळी फुलं येतात आणि करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या होतात. मला विचाराल तर फेब्रुवारीचा शेवट.

३. घड्याळ बोटीचं

वासोट्याला जाणाऱ्याने एक हिशेब मनात पक्का ठेवावा. कराड ते बामणोली सकाळी दोन-अडीच तास. मग परवाना, बोट, वाटाड्या आणि ओळखपत्रं दाखवणं. पुढे जलाशयातून तास-सव्वा तास. पलीकडे मेट इंदवलीला वनखात्याची चौकी. तिथे नावं लिहायची, पिशव्या तपासू द्यायच्या. चढाई दीड-दोन तासांची. आणि संध्याकाळी अंधाराच्या आत बोट परत लागलीच पाहिजे, कारण रानात मुक्कामाला परवानगी नाही.

म्हणजे घरातून साडेसातला निघालेला माणूस भर उन्हात चढायला लागतो आणि गडावर पोचतो तेव्हा वाटाडा परत फिरायची घाई करत असतो. पहाटे साडेचार ही वेळ मला मान्य आहे; पाच म्हणजे उशीर. चहा साताऱ्याच्या पुढे.

४. माणसं मोजकीच

पुण्याहून निघणाऱ्या सहलींत एका बसमध्ये चाळीस-पन्नास जणं असतात. रात्रभर अंताक्षरी, पहाटे बामणोलीला पेंगुळलेले चेहरे, आणि मग एका वाटाड्यामागे अर्धा किलोमीटर लांब रांग. अशा एका सहलीत मी मधोमध होतो. पुढे वाटाडा थांबून काहीतरी दाखवत होता, ते कानोकानी आमच्यापर्यंत येईतो ‘भेकर’चं ‘बेकरी’ झालं होतं. शेवटच्या मुलांनी खिशातला स्पीकर लावला होता. दोष पोरांचा नव्हता. पन्नास माणसांना रान दाखवायची कलाच अजून कुणाला अवगत नाही.

सहा ते आठ जणं ठीक. त्याहून जास्त असाल तर दोन वाटाडे घ्या आणि दोन टोळ्यांत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर ठेवा. थोडे पैसे जास्त पडतात, पण दिवस दुप्पट होतो.

५. वाटाड्याला आधी सांगा की तुम्हाला घाई नाही

ही सगळ्यांत मोठी गोष्ट. बहुतेक वाटाड्यांना सवय आहे ती ‘मामा, अजून किती राह्यलं?’ या प्रश्नाची. लोकांना वर पोचायचं असतं, फोटो काढायचा असतो, उतरायचं असतं. म्हणून तेही झपाझप चालतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत. एकदा बोटीत बसतानाच मी म्हटलं, ‘मामा, गड नाही झाला तरी चालंल. आम्हाला रान दावा.’ त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, तंबाखूची पुडी परत खिशात ठेवली आणि म्हणाले, ‘मग सावकाश जाऊ.’

त्या दिवशी पहिला अर्धा तास आम्ही ओढ्यापासून हललोच नाही. ओल्या वाळूत सांबराची पावलं होती आणि त्यांच्यावरून गेलेलं एक लहान पाऊल. मामा म्हणाले, ते भेकराचं, आणि ते नंतर गेलंय, कारण त्याच्या कडा सांबराच्या खुरात उतरल्यात. पुढे वाटेवर गव्याचं शेण पडलं होतं. त्यांनी काडीने वरची खपली उचलली. आत ओल होती. ‘सकाळचं हाय. उन्हं वर यायच्या आत खाली पाण्याला गेलंय.’ आणखी वर एका झाडाच्या बुंध्यावर माणसाच्या डोक्याहून उंच अस्वलाच्या नखांचे ओरखडे. काही काळवंडलेले, त्यांत शेवाळ धरलेलं; शेजारी दोन ताजे, आतली साल तांबूस आणि त्यातून चीक ओघळलेला. ‘ह्ये जुनं, ह्ये परवाचं. वर मोहोळ असंल.’ आम्ही वर पाहिलं. मोहोळ होतं.

हे कुठल्या फलकावर लिहिलेलं नसतं. आणि विचारलं नसतं तर मामांनीही सांगितलं नसतं, कारण त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काय आहे?

६. दोन-चार झाडांशी ओळख करून घ्या

सगळी झाडं ओळखायच्या फंदात पडू नका. चार पुरेत. अंजनी : गर्द हिरवी, जाडसर, चकचकीत पानं, हिचं राज्य घाटमाथ्यावर आहे. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही तिन्ही झाडं महाबळेश्वरपासून कोयनेपर्यंतच्या सदाहरित रानाची खूण मानली जातात. हिरडा तुम्ही औषधात खाल्लेला असतो, झाडावर पाहिलेला नसतो. कारवी म्हणजे पूर्वी घरांचे कूड ज्या काठ्यांचे असत ती. सात वर्षांनी एकदा डोंगरच्या डोंगर फुलवते आणि बी टाकून मरते. चौथी गारंबीची वेल. माणसाच्या मांडीएवढी जाड, या झाडावरून त्या झाडावर गेलेली, आणि शेंग हातभर लांब.

जमलं तर पाचवं नरक्या. दिसायला अगदी सामान्य झुडूप, फुलांना दुर्गंधी. पण त्याच्यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य आहे आणि त्याच्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात. म्हणून पाटण खोऱ्यात या झाडाची चोरटी तोड झाली, ट्रक पकडले गेले. रानातलं काय कधी मोलाचं ठरेल सांगता येत नाही, हे समजवायला मुलांना मी हेच झाड दाखवतो.

७. वाघाचा नाद सोडा

व्याघ्र प्रकल्प म्हटलं की पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे ताडोबा येतं. ताडोबाचं जंगल पानगळीचं, मोकळं, आणि तिथे वाघ भरपूर. इथे दहा पावलांपलीकडचं दिसत नाही आणि वाघ फार थोडे. ते वाढावेत म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत सोडण्याचं काम सुरू झालं. ती तुम्हाला दर्शन द्यायला आलेली नाही.

बिबट्याच बघायचा असेल तर जंगलात जायची गरज नाही. आमच्या कराड तालुक्यात ऊसतोड लागली की फडात बछडी सापडल्याची बातमी दर हंगामात असते. रानात मान वर ठेवा. राज्यप्राणी शेकरू दिसण्याची शक्यता चांगली असते. निदान शेंड्यावरची त्याची काटक्या-पानांची घरटी तरी दिसतात. एकट्याची अनेक घरटी असतात, म्हणून पाच घरटी म्हणजे पाच शेकरू समजू नये. धनेश आधी ऐकू येतो, पंखांच्या आवाजाने. आणि गवा समोर आलाच तर थांबायचं, वाट सोडून मागे सरायचं, मोबाइल खिशातच ठेवायचा.

गप्प चालावं हे खरं, पण सगळीकडे नाही. गच्च कारवीतल्या वळणावर मामा मुद्दाम काठी आपटतात, खाकरतात. अस्वलाला ऐकू कमी येतं असं त्यांचं म्हणणं. ते दचकलं तर अंगावर येतं, आधी चाहूल लागली तर निघून जातं.

८. ‘अस्पर्श जंगल’ म्हणू नका

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं. त्यातली चार महाराष्ट्रातली : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. तेव्हापासून माहितीपत्रकांत ‘मानवी स्पर्श न झालेलं’ असे शब्द दिसायला लागले. वाटाड्यापुढे ते उच्चारू नयेत.

बोट ज्या पाण्यावरून जाते त्याच्या तळाशी गावं आहेत. १०५ टीएमसीचं कोयना धरण साठच्या दशकात भरलं तेव्हा या खोऱ्यातली माणसं उठली. ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशी पांगली. जी काठावर वर सरकून राहिली त्यांच्यावर १९८५ साली अभयारण्य आलं आणि पुन्हा काही गावं हलली. चांदोलीतही तेच, आधी वारणेचं धरण, मग अभयारण्य, मग २००४ साली राष्ट्रीय उद्यान. पुनर्वसनाच्या जमिनींसाठी या लोकांची आंदोलनं अनेक वर्षं चालली.

मामांबरोबर ज्या वाटेने आम्ही चढत होतो तिच्या बाजूला एका रांगेत आंब्याची झाडं होती. रानात झाडं रांगेत उगवत नाहीत. मी विचारलं. मामांनी काठीने पालापाचोळा बाजूला केला. खाली घडीव दगडाची ओळ निघाली, तिच्यात जोत्याचा कोपरा. मग थोडं पुढे सपाट जागा. ‘हितं खळं हुतं आमचं. नाचणी मळायची.’ त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ‘आमची तीन घरं झाली. एक पाण्यात गेलं, एक ह्ये, आन् तिसरं आता ऱ्हातोय ते.’ त्या सपाटीवर आता कमरेएवढी झाडं माजली आहेत आणि गवे तिथे चरतात.

म्हणजे या दाटीचं वय काही ठिकाणी चाळीस वर्षं आहे आणि तिची किंमत कुणीतरी मोजली आहे. वाटाड्याला त्याचं गाव विचारा. रान त्यानंतर वेगळं दिसतं.

९. जळू, गोचीड, खाजकुयली आणि आग्या मोहोळ

पहिल्या तिघांनी सहसा जीव जात नाही. पँट मोज्यात खोचा, मोज्यांना तंबाखूचं पाणी किंवा मीठ लावा. जळू लागलीच तर ओरबाडू नका. मिठाची चिमूट टाकली की आपोआप सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही. गोचिडांसाठी घरी आल्यावर अंग नीट तपासून गरम पाण्याने आंघोळ. खाजकुयलीच्या मखमली शेंगा दिसायला देखण्या असतात; पोरांना हात लावू देऊ नका.

चौथ्याची गोष्ट निराळी. कड्यांना आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असतात. अत्तर, फवारे, सिगारेटचा धूर, आरडाओरड यातलं काहीही कड्यापाशी नको. वाटाडा ‘इथं बोलू नका’ म्हणाला तर कारण नंतर विचारा.

१०. शिदोरी घरची, कचरा मोजून

वासोट्याच्या चौकीवर प्लॅस्टिकच्या बाटल्या नि पुडे मोजून अनामत घेतात आणि उतरल्यावर तेवढेच परत दाखवावे लागतात. चिडू नका, गड स्वच्छ आहे तो त्यामुळेच. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, गूळ फडक्यात बांधून न्यावं, मोजायलाच काही उरत नाही. पाणी माणशी तीन लिटर. वाटाड्याची भाकरीही आपल्याबरोबर बांधावी आणि एकत्र बसून खावी. निम्म्या गोष्टी जेवताना कळतात.

११. गड नाही झाला तरी चालतं

वासोट्यावर मारुती आहे, महादेवाचं देऊळ आहे, वाड्याचे अवशेष, चुन्याचा घाणा आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने इथेच पेशव्यांच्या बापू गोखल्यांशी झुंज दिली. पलीकडे बाबू कडा आणि खाली सरळ कोकण. हे सगळं बघावं असंच आहे. पण घोट्याने कुरकुर केली, सोबतच्या आजींना दम लागला, दोन वाजून गेले, तर जिथे असाल तिथून फिरा. उतारावर थकलेले पाय घसरतात, आणि वाट चुकून अंधार पडला तर शोधायला येणारा माणूस बिचारा त्याच गावातला असतो.

१२. पैसे हातात आणि नंबर वहीत

वाटाड्याचा ठरलेला दर असतो, तो द्याच. त्यावर जे द्यायचं ते त्याच्या हातात, सगळ्यांसमोर आणि घासाघीस न करता. परत आल्यावर हायवेच्या हॉटेलाऐवजी बामणोलीत किंवा मणदूरला एखाद्या घरात जेवा. सकाळी जाताना सांगून ठेवलं तर नाचणीची भाकरी आणि कालवण तयार असतं. ज्यांनी या रानासाठी जमीन सोडली त्यांच्या घरात त्यातून चार पैसे आले, तरच रान टिकावं असं त्यांच्या पोरांना वाटणार. नाहीतर ती पोरं पुण्याच्या कारखान्यात जातील आणि ताजा ओरखडा कुठला, जुना कुठला हे सांगणारं मागे कुणी राहणार नाही.

निघताना त्याचा नंबर घ्या. पुढच्या खेपेला नवं ठिकाण शोधू नका. त्याच माणसाला फोन करा, महिना वेगळा धरा आणि त्याच वाटेने जा.